तिसऱ्या कुंडीशी कुणी बोलू नये

सोमवारी सकाळी शांभवीने पोह्यांच्या ताटल्या बाजूला सारल्या, जेवणाच्या टेबलावर तीन कुंड्या ओळीने मांडल्या आणि घरातल्या सगळ्यांकडून शपथ घेतली. शपथ साधी होती. या कुंड्यांना शांभवीशिवाय कुणीही हात लावायचा नाही.

शपथ घ्यायला चौघं होते. शांभवीचे वडील वीरेश यांचं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान. सौद्यात ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की त्यांनी घरात मीठ मागितलं तर शेजारच्या बंगल्यातून मीठ यायचं. आई भूमिका बँकेत नोकरीला. आजोबा रुद्रय्या, म्हणजे घरातले अज्जा, मूळचे गडहिंग्लजकडचे. त्यांच्या बोलण्यात मराठी आणि कानडी एका ताटात जेवायच्या. आणि चौथ्या बनाबाई. त्या धुण्याभांड्याला यायच्या, पण घरातल्या महत्त्वाच्या गोष्टीतून वगळलं की दोन दिवस भांडी आपटायच्या, म्हणून शपथेला त्यांनाही टेबलाशी बोलावलं होतं.

शपथेला तसं कारणही होतं. गेल्या वर्षी, सहावीत असताना, शांभवीने विज्ञान प्रदर्शनासाठी ज्वालामुखी करायचं ठरवलं होतं. मातीचा, वीतभर उंचीचा. ते वीरेशच्या कानावर गेलं. "आपल्या पोरीचा ज्वालामुखी वीतभर? लोकं काय म्हणतील?" असं म्हणत त्यांनी गणपतीचे देखावे करणाऱ्या एका कारागिराला गाठलं. प्रदर्शनाच्या दिवशी आठ फुटी ज्वालामुखी टेम्पोतून शाळेत आला. पुढे हलगी वाजत होती. वर्गाचं दार बिजागऱ्यांतून काढल्यावरच तो आत गेला. धूर, लाल दिवे, गडगडाट, कशाची कमी नव्हती. विज्ञानाच्या ऋता मॅडमनी शांभवीला एकच प्रश्न विचारला, "लाव्हा कसा तयार होतो गं?"

"अप्पांना विचारून सांगतो, मॅडम," शांभवी म्हणाली.

कोल्हापूरच्या मुली 'सांगतो', 'करतो' असंच बोलतात, त्यामुळे हसू काही त्याचं आलं नाही. पण वर्ग जो हसला, तो शांभवीच्या कानात वर्षभर हसत राहिला होता.

यंदा ऋता मॅडमनी आधीच बजावलं. "प्रकल्प तुम्ही करायचा. घरच्यांचा हात लागलेला दिसला, की मी नाव खोडणार. सातवीतून तालुक्याला एकच प्रकल्प जाईल, आणि तो मुलांनी केलेला असेल." शांभवीला तालुक्याला जायचं होतंच. त्याहूनही, मॅडमनी प्रश्न विचारल्यावर उत्तर आपण आपल्या तोंडाने द्यायचं, एवढं तिने मनाशी धरलं होतं.

"हे घेवड्याचं बी हाय," तिने टेबलाभोवतीच्या मंडळींना सांगितलं. "तिन्ही कुंड्यांत एकच माती, एकच बी. औषधाच्या टोपणानं रोज दोन टोपणं पाणी. पहिल्या कुंडीशी मी रोज गोड बोलणार. दुसरीला रागवणार. तिसरीशी कुणीच बोलायचं न्हाई. सत्तावीस दिवसांनी कुठलं रोप किती वाढलं ते मोजायचं."

"आन् तिसरीनं काय घोडं मारलंय?" अज्जांनी विचारलं.

"ती तुलनेसाठी हाय, अज्जा."

"घरात आलंय, आन् त्येला एक शब्द न्हाई? पाणी घे म्हणायचं न्हाई? यव्वा! हे वाळीत टाकल्यागत झालं की."

"विज्ञानात असंच असतंय."

"मग तुझ्या विज्ञानाला जरा माणसांत बसाय-उठाय शिकवा म्हणावं."

तरी शपथ पार पडली. कुंड्या मागच्या पडवीत, खिडकीच्या गजांखाली गेल्या. तिसऱ्या कुंडीत शांभवीने एक पाटी खोचली आणि तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं, 'हिच्याशी कुणीही बोलू नये.'

पुढचा सगळा घोटाळा या पाटीने केला. 'इथे गाडी लावू नये' असं लिहिलेलं कोल्हापूरकर सोसतात, म्हणजे तिथेच गाडी लावतात आणि विसरून जातात. पण कुणाशी बोलूच नये, हे त्यांच्या पचनी पडत नाही. दारावरून जाणाऱ्या परक्या माणसालासुद्धा "पावणं, कुठलं?" असं विचारल्याशिवाय इथे घास उतरत नाही. अशा गावात एक जीव पाटी लावून गप्प बसवायचा, ही शांभवीची पहिली चूक होती.

पहिल्या आठवड्यात मात्र अडचण आली ती भलतीच. शांभवीला गोड बोलता येईना. सकाळी शाळेला जाण्याआधी ती पहिल्या कुंडीपुढे उकिडवी बसायची आणि म्हणायची, "ए बाय, ऊठ की आता! किती झोपतीस? बाहेर येऊन बघ तरी, किती भारी ऊन पडलंय!" मग दुसऱ्या कुंडीकडे वळायची. "ए म्हशी, ऊठ की आता! किती लोळतीस? बाहेर ये, न्हाईतर बघ!"

अज्जा खुर्चीत बसून लक्ष देऊन ऐकत होते. "यातली माया कुठली आन् शिवी कुठली?"

"पहिली माया."

"मला दोन्ही मायाच वाटली. तुझी आजी माझ्यासंग चाळीस वर्सं दुसऱ्या कुंडीगतच बोलली."

शांभवी विचारात पडली. दुसऱ्या दिवशी, कोंबसुद्धा वर आलेला नसताना, ती वहीत लिहून आणलेलं वाचू लागली. "प्रिय रोपा, तू किती सुंदर आहेस. तुझी पाने किती कोमल आहेत. तुझ्या सहवासाने आमचे घर प्रसन्न झाले आहे."

मोरीत बनाबाईंच्या हातातली कढई सुटली. त्या पदराला हात पुसत धावत आल्या. "कोन गेलं वं?"

"कुणी न्हाई. मी गोड बोलतोय."

"अगं, असं श्रद्धांजलीला बोलत्यात! मी म्हटलं अज्जाच गेलं का काय."

अज्जा म्हणाले, आपण अजून आहोत, आणि चहा मागितला.

पाचव्या दिवशी तिन्ही कुंड्यांत कोंब वर आले. नवव्या दिवशी शांभवीने पट्टी लावली. पहिलं रोप नऊ सेंटिमीटर, दुसरं साडेनऊ, आणि तिसरं सतरा. तिने पट्टी पुसून पुन्हा लावली. सतराच. बाराव्या दिवशी पहिली दोन्ही रोपं बारा-तेरावर रेंगाळत होती आणि तिसऱ्याने खिडकीच्या गजाला वेल गुंडाळून एकतीस गाठले होते. पानं तळहाताएवढी, काळसर हिरवी. पाटी आता पानांच्या आड गेली होती.

शांभवीला हे विपरीत वाटलं, पण आकडा म्हणजे आकडा. ती वही घेऊन ऋता मॅडमकडे गेली.

ऋता मॅडम लग्न होऊन ठाण्याहून इकडे आल्या होत्या. दोन वर्षांत त्यांना इथल्या मिसळीचा तिखटपणा सोसू लागला होता, आवाजाचा अजून नाही. त्यांनी वही दोनदा वाचली. "म्हणजे ज्याच्याशी कुणीच बोललं नाही, ते सगळ्यांत जास्त वाढलं?"

"व्हय, मॅडम."

"घरच्यांचा हात?"

"न्हाई. शपथ घेतलीया चौघांनी."

मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी ही गोष्ट मुख्याध्यापक नृसिंह सरांच्या कानावर घातली, आणि तिथून ती कुणाच्याच हातात राहिली नाही. शाळेतला गोंगाट कमी व्हावा म्हणून नृसिंह सर अकरा वर्षं झटत होते. छडी झाली, दंड झाला, पालकसभा झाल्या. विज्ञानाचा आधार मात्र आजवर मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्यांनी मौनाचं महत्त्व सांगितलं. ते चाळीस मिनिटं बोलत होते. "सातवीच्या शांभवीने हे सिद्ध केलं आहे," ते शेवटी म्हणाले, "की न बोलता वाढ होते! उद्यापासून मधल्या सुट्टीनंतर रोज मौन तास."

तास वीस मिनिटांचाच होता, पण नाव मौन तास. त्या वीस मिनिटांत सातशे मुलांनी तोंडातून अवाक्षर काढायचं नव्हतं. पहिल्या दिवशी मुलं गालांत हवा भरून बसली. दुसऱ्या दिवशी खाणाखुणा सुरू झाल्या, आणि खुणांमधून दोन भांडणं आणि एक मारामारी झाली. तिसऱ्या दिवशी गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. सहावीच्या खिडकीतून ती चाळीस मुलांना दिसत होती. चाळीसही मुलं शिस्तीने गप्प बसली. पाणी जिन्यावरून शिक्षकांच्या खोलीत शिरलं आणि तपासायच्या वह्या तरंगायला लागल्या, तेव्हा कुठे तास संपला.

सगळी शाळा शांभवीवर खार खाऊन होती. शेजारच्या बाकावरच्या यशराजने तिला गाठलं. "शांभे, तुझी ती कुंडी आवर."

"मी काय केलं?"

"वीस मिन्टं गप बसून माझं डोकं दुखालंय. आईनं डॉक्टरकडं नेलतं. तुझ्या त्या रोपाला काय झालंय ते बघ, न्हाईतर आमी सगळी घरला येतो आन् त्येच्याशी बोलतो."

शनिवारी दुपारी शांभवी घरी आली ती थेट पडवीत. तिला आधी दिसल्या मुंग्या. भिंतीवरून उतरलेली तांबड्या मुंग्यांची ओळ पहिल्या दोन कुंड्यांना वळसा घालून तिसरीत शिरत होती. शांभवीने माती उकरली. गुळाचा खडा निघाला. त्याखाली चहाचा चोथा, भाताची चार शितं आणि झेंडूच्या पाकळ्या. माती अशी ओली, की पिळली असती तर पाणी निघालं असतं.

रविवारी पहाटेच उठून ती वही-पेन्सिल घेऊन पडवीतल्या वॉशिंग मशीनच्या मागे बसली.

साडेसहाला अज्जा आले. पूजेचा तांब्या हातात होता. त्यांनी मागे-पुढे बघितलं आणि तिसऱ्या कुंडीपाशी स्टूल ओढलं. "काय गं, झोप झाली का?" तांब्या तिरका झाला. "तुला म्हणून सांगतो. ती जाऊन सहा वर्सं झाली. सकाळचा चहा निवांत मिळतोय, कोण शिव्या घालत न्हाई, आन् त्यो चहा काय लागत न्हाई बघ. साकु? बास? असं कसं, घे की अजून वाईच." आणि उरलेलं पाणीही ओतलं.

सव्वाआठला भूमिका गाळणी घेऊन आली. चोथा कुंडीत झाडत ती हळूच म्हणाली, "मला इचलकरंजीच्या शाखेत मॅनेजर केलंय. आठ दिवस झाले. घरात सांगितलं की हे हलगी लावतील, गल्लीत पेढे वाटतील, म्हणून बोललेच नाही. पण कुणालातरी सांगावंसं वाटतंच की गं." वरून तिने अर्धा पेला पाणी घातलं.

दहाला बनाबाई तांदळाचं धुवण घेऊन आल्या. "तुझ्यासंग कोन बोलत न्हाई, म्हंजे तू बी कुनाला सांगनार न्हाईस. म्हनून सांगती. काल सुनेनं आमटी केलती. माज्यापरास चांगली झालती. हे मी तिला मरस्तवर सांगनार न्हाई." पातेलं रिकामं झालं.

आणि एक वाजता वीरेश आले. ते चवड्यांवर आले. शांभवीने जन्मात पहिल्यांदा आपल्या बापाची कुजबुज ऐकली. "सौद्यात चव बघायची म्हणून आज दोन खडे खाल्ले. डॉक्टरला कळलं तर माझं खरं न्हाई. ह्यो तुला घे." खिशातून निघालेला गुळाचा खडा त्यांनी मातीत खुपसला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि तिथेच थांबले. "गेल्या वर्षी त्या ज्वालामुखीपायी पोरीचं हसं केलं मी. मला वाटलंतं, मोठा केला की ती खूश हुईल. चुकलं म्हणायचं हाय. तोंडावर म्हणाय गेलो की भलतंच बोलतोय."

वॉशिंग मशीनच्या मागे शांभवीची पेन्सिल थांबली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आल्याने तिला शिंक आली.

जेवताना तिने वही टेबलावर आपटली. "तुमी चौघांनी शपथ मोडली!"

"मी हात न्हाई लावला," अज्जा म्हणाले. "तांब्या लावला."

"पाटीवर बोलू नये लिवलंय," बनाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "पानी घालू नये, असं कुटं लिवलंय?"

"आन् तुमी बोललासा न्हवं?" शांभवी म्हणाली.

तेवढ्यात वीरेशच्या डोक्यात प्रकाश पडला. ते बायकोकडे वळले. "म्हंजे तू बी?"

"म्हणजे तुम्हीसुद्धा?"

"मला वाटलंतं, मी एकटाच," अज्जा नाराज होऊन म्हणाले. आपल्या हक्काच्या जागेवर बाकीचेही येऊन बसत होते, हे त्यांना आवडलेलं दिसलं नाही. मग चौघांच्याही मनात एकदमच एक विचार आला असावा, कारण चौघंही गप्प झाले. त्या घरातला तो पहिला खरा मौन तास होता.

"शांभू," भूमिकाने शेवटी विचारलं, "तू काय काय ऐकलंस?"

"सगळं. आन् कुणाचं कुणाला सांगणार न्हाई. पण प्रदर्शनाचं काय? मॅडम नाव खोडणार."

"सांगूच नकोस की," बनाबाई म्हणाल्या. "कुंडीला काय बोलता येतंय व्हय? उचलायची आन् न्यायची."

"आन् मॅडमनी विचारलं, रोप का वाढलं, तर? काय सांगू? अप्पांना विचारून सांगतो?"

वीरेशनी घास ताटात ठेवला. नेहमीच्या आवाजात बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते जरा हळू आवाजात म्हणाले, "न्हाई. खरं हाय ते सांग. नाव गेलं तर जाऊ दे."

मग शांभवीने वहीत नवी पानं आखली. नाव, वेळ, काय दिलं, किती दिलं. पाचवा रकाना तिने 'काय बोलले' असा आखला होता, तो अज्जांनी विनंती केल्यावर खोडला. उरलेले दिवस घरच्यांनी नेहमीसारखं वागावं, असं तिने सांगितलं. सुरुवातीला सगळे अवघडले. वही बघून बनाबाई कुंडीशी फक्त हवापाण्याचं बोलल्या. पण दोन दिवसांत गाडी रुळावर आली, आणि शुक्रवारी तर पडवीत नंबर लागला होता.

सत्ताविसाव्या दिवशी, प्रदर्शनाला, तिन्ही कुंड्या रिक्षातून शाळेत गेल्या. पहिलं रोप सोळा सेंटिमीटर, दुसरं सतरा, तिसरं शहाऐंशी. त्याला गजावरून सोडवताना अर्धा तास गेला होता. मागे तक्ता होता, 'न बोलायची कुंडी सगळ्यांत जास्त का वाढली?' खाली उत्तरही लिहिलं होतं. पहिल्या दोन कुंड्यांना रोज दोन टोपणं पाणी मिळालं आणि तिसरीला सरासरी दोन तांबे, शिवाय चोथा, धुवण आणि गूळ. वीरेश टेम्पो न आणता, हलगी न आणता हॉलच्या कोपऱ्यात उभे होते. हात चुकून कशाला लागू नयेत म्हणून त्यांनी ते खिशात घातले होते.

नृसिंह सरांनी तक्ता वाचला. मौनाचा वाढीशी काही संबंध नाही, ही ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि काहीही न बोलता पुढे गेले. असं गेल्या अकरा वर्षांत घडलं नव्हतं.

ऋता मॅडमनी सावकाश सगळी वही चाळली. "शांभवी, मग बोलण्याने रोप वाढतं की नाही?"

"ते मला अजून ठाव न्हाई, मॅडम. पाण्यानं वाढलं एवढं कळलं. बोलण्याचं बघायचं तर परत करायला लागंल, आन् ते आमच्या घरात जमणार न्हाई. आमच्या घरात कुणाला गप ठेवता येत न्हाई."

हॉलच्या कोपऱ्यात वीरेशनी मोठ्याने नाक ओढलं. मॅडमना हसू आलं होतं, ते त्यांनी आवरलं. "उत्तर तुझं आहे, हे मला दिसतंय. पण घरच्यांचे हात लागलेत. मी काय सांगितलं होतं?"

"नाव खोडणार म्हणून सांगितलतं."

"मौन तासानंतर निकाल सांगते," मॅडम म्हणाल्या.

मधली सुट्टी संपली. पालकांना फाटकाबाहेर थांबवलं गेलं, मुलं वर्गात गप्प बसली आणि हॉल रिकामा झाला. ऋता मॅडम लाल पेन घेऊन परत आल्या. शांभवीच्या टेबलापाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. सातशे मुलांच्या शाळेत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मॅडमनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि वाकून त्या तिसऱ्या कुंडीला म्हणाल्या, "ऊन लागलं का गं तुला? कोमेजलीस जरा."

एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. "तुला म्हणून सांगते, मला हा मौन तास अजिबात सोसत नाही. नवरा वारणानगरला कारखान्यात, तो येतो आठवड्याने. घरी भिंतींशी बोलायचं, आणि शाळेत जरा कुठे आवाज कानावर पडायचा, तर तोही मीच बंद करून ठेवला. इथल्या पोरांच्या ओरडण्याला मी नावं ठेवायची. आता दीडच्या घंटेची वाट बघत बसते. आणि या पोरीचं नाव कसं खोडू, तू सांग. सगळ्या शाळेत खरं लिहिणारी ही एकटी." त्यांनी पिशवीतून बाटली काढली, टोपण फिरवलं आणि कुंडीत पाणी ओतलं. "घे. अजून थोडं? घे गं."

टेबलावरच्या चादरीखालून एक हात बाहेर आला. त्याने चाचपडत वही शोधली आणि खाली ओढून घेतली.

"शांभवी!" मॅडम दोन पावलं मागे सरल्या. "मौन तासात तू इथे काय करतेस?"

चादरीखालून शांभवीचं डोकं बाहेर आलं. "नोंद, मॅडम. चारपर्यंत ठेवायची हाय." तिने पेन्सिलीला थुंकी लावली. "अर्धी बाटली न्हवं?"

मॅडमनी बाटली उजेडात धरून पाहिली. "अर्धी," त्या म्हणाल्या. "दाखव बघू काय लिहिलंस."

शांभवीने वही पुढे केली. शेवटची ओळ ओली होती. 'एक वाजून अठरा मिनिटे. ऋता मॅडम. अर्धी बाटली पाणी.' मॅडमची नजर तिथून सहज एक ओळ वर गेली आणि तिथेच थांबली. 'एक वाजून बारा मिनिटे. मुख्याध्यापक. अर्धा कप चहा, बिनसाखरेचा.'

"सर आले होते?" मॅडमनी दबक्या आवाजात विचारलं. "मौन तासात?"

"व्हय."

"काय बोलले?"

"ते लिहायचं न्हाई असं ठरलंय, मॅडम."

"लिहू नकोस. मला नुसतं सांग."

"सांगितलं असतं. पण मग उद्या सरांनी तुमचं विचारलं तर?"

ऋता मॅडमनी वही पटकन मिटली. त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं, शांभवीच्या नावावर धरलं आणि विचार केला. घरच्यांचे हात लागले म्हणून नाव खोडायचं, तर आता शाळेचेही लागले होते, आणि त्यांतला एक मुख्याध्यापकांचा होता. त्यांनी तक्त्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'तालुक्यासाठी निवड.' आणि खाली सही केली.

घंटा झाली. शांभवी धावत फाटकाशी गेली. बातमी ऐकून वीरेशनी छाती भरून श्वास घेतला, शेजारचे दोन पालक सावधपणे बाजूला झाले, पण आवाज काही बाहेर आला नाही. ते खाली वाकले. "पोरी, ते गेल्या वर्षीचं…"

"ठाव हाय, अप्पा," शांभवी म्हणाली. "मी वॉशिंग मशीनच्या मागं होतो."

सोमवारी शाळेच्या फळ्यावर नोटीस लागली. मौन तास आजपासून बंद करण्यात येत आहे. खाली नृसिंह सरांची सही होती आणि कारण दिलेलं नव्हतं.